वरच्या जबड्याचं ऑपरेशन ठरलंय? मग नाकाचं आणि ओठाचं आधी विचारून घ्या

वरचा जबडा पुढे-मागे किंवा वर-खाली करायचं ऑपरेशन ठरलं की घरातले सगळे एकच विचारतात, दात नीट बसतील ना. दात बसतात, त्यासाठीच तर आधी वर्ष-दीड वर्ष तारा लावलेल्या असतात. पण त्याच हाडावर नाक बसलंय, वरचा ओठ त्याच्यावरनं खाली आलाय, गालाचा पुढचा भाग त्यावर टेकलाय, म्हणजे हाड हललं की हे सगळं हलणार. आणि किती हलणार हे फक्त हाड किती मिलिमीटर सरकवलं यावर ठरत नाही, आत कुठून कापलं, कुठले स्नायू सोडवले आणि शेवटी टाके कसे घातले यावरही तेवढंच ठरतं. हे पेशंटला आधी कोणीतरी बसवून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मी रत्नागिरीत तारांचं काम करते. ऑपरेशन मुंबईत, कोल्हापुरात नाहीतर गोव्यात होतं, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा बराच काळ ही मुलं माझ्याच खुर्चीत असतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा आली की आयांचा प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, चेडवाचा नाक रुंद झाला काय ओ?" या प्रश्नाचं उत्तर ऑपरेशनच्या आधी मिळायला पाहिजे.

आधी समजून घ्या, नेमकं करतात काय

सगळ्यात जास्त होणारं ऑपरेशन म्हणजे लेफोर्ट वन. रने ल फोर नावाच्या फ्रेंच सर्जनने 1901 मध्ये चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर मोडतात हे मांडलं, त्यातली सगळ्यात खालची जी आडवी रेघ, साधारण त्याच रेघेवर हे हाड मुद्दाम कापतात. बाहेरून चेहऱ्यावर चिरा नसतो. वरचा ओठ उचलून हिरडीच्या वर, आतल्या मऊ कातडीत, एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत चिरा देतात, स्नायू हाडावरून सोडवतात, दातांच्या मुळांच्या वरून हाड कापतात, नाकाचा मधला पडदा खालच्या हाडापासून वेगळा करतात आणि सगळा दातांचा भाग खाली सुटा करतात. टाळूकडची कातडी आणि मागचं मांस शाबूत ठेवतात, कारण सुट्या केलेल्या जबड्याला रक्त तिकडूनच येतं. मग स्प्लिंट, म्हणजे दात नेमके जुळवून देणारी प्लॅस्टिकची पट्टी, लावून जबडा नव्या जागी आणायचा आणि टायटॅनियमच्या चार छोट्या प्लेट लावून पक्का करायचा, दोन नाकाच्या बाजूला आणि दोन गालाच्या हाडाखाली.

यात चेहऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच, ती म्हणजे स्नायू सुटणं. नाकपुड्यांच्या बुडाला आणि ओठाला धरून ठेवणारे स्नायू याच हाडावर चिकटलेले असतात. ते सोडवले आणि परत नीट धरले नाहीत तर होडीच्या शिडाची दोरी सुटावी तसे ते दोन्ही बाजूंना पसरतात, नाकपुड्या बाहेर जातात, ओठ पातळ होऊन आत वळतो, त्याचा लाल भाग कमी दिसायला लागतो आणि कधीकधी तोंडाचे कोपरे खाली उतरल्यासारखे वाटतात. नाकपुड्यांच्या बुडाची रुंदी साधारण 2 ते 4 मिलिमीटर वाढू शकते. ऐकायला कमी वाटतं, पण नाकावर 3 मिलिमीटर म्हणजे शेजारीणसुद्धा ओळखते की काहीतरी बदललंय.

पायरी 1: घरीच फोटो आणि मापं घेऊन ठेवा

दवाखान्यात फोटो काढतात, तरीपण स्वतःचे काढा, कारण नंतर तुलना तुम्हालाच करायची असते. सकाळच्या उजेडात, खिडकीसमोर उभं राहून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि तीन-चार फूट लांब, सेल्फी नको कारण जवळच्या सेल्फीत नाक उगाच मोठं येतं. फोटो दुसऱ्याला काढायला सांगा. समोरून ओठ अगदी सैल सोडून एक, मोकळं हसून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि एक फोटो मान मागे टाकून खालून, ज्यात दोन्ही नाकपुड्या दिसतात. हा खालचा फोटो कोणी काढत नाही आणि नंतर सगळ्यात उपयोगी तोच पडतो.

ओठ सैल कसे सोडायचे? "एम्मा" म्हणा आणि तिथेच थांबा. ओठ सैल असताना वरचे पुढचे दात किती दिसतात ते पट्टीने बघा. तरुण मुलींमध्ये 2 ते 4 मिलिमीटर दात दिसणं छान मानतात, मुलांमध्ये थोडं कमी. वय वाढतं तसा ओठ खाली येतो आणि वरचे दात कमी दिसायला लागतात, म्हणून विसाव्या वर्षी थोडे जास्त दात दिसत असतील तर ते पार शून्यावर आणायची घाई करू नये, चाळिशीत चेहरा लवकर म्हातारा दिसतो. हे माझं मत मी सर्जनांनापण सांगते.

मग नाकाची रुंदी, एका नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत. पुस्तकात लिहिलेलं असतं की ही रुंदी दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराएवढी पाहिजे, पण ते माप गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यावरून आलंय, आपल्याकडची बरीच नाकं मुळातच त्याहून रुंद आणि तीच आपल्या चेहऱ्याला शोभतात. तुमचं माप तुमच्याच आधीच्या मापाशी ताडून बघायचं.

पायरी 2: जबडा कुठल्या दिशेला जाणार ते स्पष्ट विचारा

"जबड्याचं ऑपरेशन" एवढं कळून भागत नाही. दिशा बदलली की चेहऱ्यावरचा परिणाम बदलतो.

पुढे आणणार असतील, म्हणजे वरचा जबडा आत दबलेला आणि खालचा पुढे दिसतोय, तर नाकाच्या दोन्ही बाजूंचा खोलगटपणा भरतो, ओठाला आधार मिळतो, चेहरा उजळ दिसतो. ओठ मात्र हाडाएवढा पुढे येत नाही, साधारण निम्म्यापासून पाऊण-ऐंशी टक्क्यांपर्यंत येतो. म्हणजे हाड 6 मिलिमीटर आणलं तर ओठ साधारण तीन ते पावणेपाच. जाड ओठ कमी सरकतो, पातळ ओठ जास्त. नाकाचा शेंडा हाडाच्या पाव ते एक तृतीयांश एवढा पुढे येतो आणि थोडा वर वळतो. ज्यांचं नाक लांब आणि शेंडा खाली झुकलेला त्यांना याचा फायदाच होतो, पण ज्यांचं नाक आधीच आखूड आणि वर वळलेलं त्यांच्या नाकपुड्या समोरून दिसायला लागतात. तुम्ही यातले कुठले हे आरशात बघून ठरवा आणि सर्जनना तसं बोला.

वर घेणार असतील, म्हणजे हसताना हिरड्या खूप दिसतात म्हणून जबडा वर सरकवणार, तर नाकपुड्या रुंद व्हायची शक्यता यातच सगळ्यात जास्त धरा. ओठसुद्धा थोडा वर जातो, हाड 5 मिलिमीटर वर घेतलं तर ओठ एक ते दोन मिलिमीटर. म्हणून हिरडी 5 दिसते तर हाड 5 वर असा सरळ हिशोब चालत नाही, ओठ किती आखडणार ते धरूनच आकडा ठरवायचा असतो. शिवाय नाकाचा मधला पडदा खाली टेकलेला असतो, जबडा वर आला की तो दाबला जाऊन वाकतो, म्हणून पडद्याची खालची पट्टी थोडी काढावी लागते नाहीतर नाक एका बाजूला झुकतं आणि श्वासालाही अडतं. वर घेतलेला जबडा मात्र जागेवर चांगला टिकतो, सगळ्या दिशांमध्ये ही सगळ्यात स्थिर.

मागे नेणार असतील तर आपल्याकडं बऱ्याचदा पूर्ण लेफोर्ट करत नाहीत. दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढून फक्त पुढच्या सहा दातांचा तुकडा मागे सरकवतात. "तोंड पुढे आहे" म्हणून येणाऱ्या मुलींमध्ये हे खूप होतं. दात 5 मिलिमीटर मागे गेले तर ओठ साधारण 3 मागे जातो, नाक आणि ओठ यातला कोन मोकळा होतो आणि तोंड मिटायला लागतं, हा मोठाच फायदा. पण हा कोन आधीच मोकळा असेल, शंभर-एकशे दहा अंशांच्या आसपास, तर जास्त मागे नेल्यावर ओठ चपटा पडतो आणि नाक मोठं वाटायला लागतं. नाक वाढलेलं नसतं हो, त्याच्या खालचा आधार गेलेला असतो. लग्न जमवायच्या घाईत "अजून थोडं आत घ्या" म्हणणारे पालक मला दर सीझनला भेटतात, त्यांना मी हात जोडून सांगते की हा हट्ट करू नका.

खाली आणणं आणि रुंद करणं या दोन दिशा टिकायला अवघड. खाली आणताना मध्ये हाडाचा तुकडा भरावा लागतो, ओठ भरल्यासारखा दिसतो, नाकाचा शेंडा किंचित उतरतो. रुंद करताना नाकाचं बूडही थोडं रुंद होतं.

फाटलेल्या ओठ-टाळूचं लहानपणी ऑपरेशन झालेल्या मुलांचं वेगळं. त्यांच्या ओठात व्रण असतो, तो घट्ट, त्यामुळे जबडा पुढे आणला तरी ओठ नेहमीच्या हिशोबाने येत नाही, आणि हाडसुद्धा परत मागे ओढलं जायचा धोका जास्त. त्यांना कधीकधी जबडा यंत्राने रोज थोडा थोडा पुढे आणतात. ओठ आणि नाकाची दुरुस्ती त्यानंतर, आधी नाही.

पायरी 3: टाक्यांचं विचारा, हाच खरा मुद्दा

इथे लोक लाजतात. सर्जनना टाक्यांबद्दल काय विचारायचं असं वाटतं. विचारा. चांगला सर्जन खूश होऊन कागदावर चित्र काढून दाखवतो.

पहिला प्रश्न, नाकपुड्यांचा सिंच टाका घालणार का. 1982 मध्ये कॉलिन्स आणि एपकर यांनी वरच्या जबड्याच्या ऑपरेशनसाठी हा टाका मांडला. तोंडातूनच सुई घालून एका नाकपुडीच्या बुडाचं मांस पकडायचं, मग दुसरीचं, आणि मध्ये ओढून गाठ मारायची म्हणजे पसरलेली नाकपुडी जागेवर येते. नंतर यात सुधारणा झाल्या, काही सर्जन दोरा नाकाच्या बुडाशी मध्यभागी असलेल्या हाडाच्या छोट्या काट्याजवळ भोक पाडून त्याला अडकवतात म्हणजे तो मध्येच पक्का राहतो. टाका थोडा सैल पडतोच, म्हणून टेबलवर मुद्दाम किंचित जास्त आवळतात. पण फार आवळला तर नाक चिमटल्यासारखं दिसतं आणि ओठाचा मधला भाग फुगतो, त्यामुळे किती आवळायचा हे ऑपरेशनच्या आधी घेतलेलं माप समोर ठेवूनच ठरवावं. आधीचं माप का घ्यायचं ते आता लक्षात आलं असेल.

दुसरा प्रश्न ओठाच्या टाक्यांचा. लांब चिरा सरळ आडवा शिवला तर ओठ आत वळतो आणि लाल भाग कमी दिसतो. त्याऐवजी मधला साधारण एक सेंटिमीटर भाग उभा शिवायचा आणि बाकीचा आडवा, याला व्ही-वाय टाके म्हणतात, यात ओठाच्या मध्ये मांस गोळा होतं आणि लाली टिकते. सुरुवातीला मध्ये गाठ आल्यासारखी वाटते, ती बसते. ओठ मुळात पातळ आणि जबडा वर किंवा पुढे, तर मी हे टाके मागूनच घेईन. ओठ जाड आणि भरलेला असेल तर गरज नाही, उलट मध्ये उगाच फुगवटा दिसेल. सगळ्यांना सरसकट एकच पद्धत हे मला पटत नाही.

तिसरं, नाकाच्या बुडाशी हाडाचा एक छोटा काटा असतो, ओठ वर केल्यावर मध्यभागी बोटाला लागतो तोच. जबडा पुढे आणताना हा काटा तसाच ठेवला तर शेंडा जास्त वर वळतो, थोडा तासला तर कमी. ज्यांना शेंडा वर जायला नको त्यांनी हे आवर्जून बोलावं. काही सर्जन काट्याच्या खालून हाड कापतात, म्हणजे काटा आणि त्याला चिकटलेले स्नायू जागेवरच राहतात आणि नाक कमी हलतं. काही जण चिरा आखूड ठेवतात, पुढच्या दातांपुरता, म्हणजे स्नायू कमी सुटतात. आणि गालाच्या हाडाखालचा भागही खोल असेल तर हाड जरा वरून कापतात, मग गालाला पण उठाव येतो. हे सगळं प्रत्येकाला जमेल असं नाही, दातांची मुळं, हाडाची जाडी आणि सर्जनचा हात यावर आहे.

चौथी गोष्ट भुलेच्या नळीची. नळी नाकातून घातलेली असते, कारण तोंडात दात जुळवून बघायचे असतात. पण त्या नळीने आणि तिच्या चिकटपट्टीने नाक ओढलं जातं, मग नाकाची रुंदी टेबलवर नीट दिसत नाही. काही ठिकाणी शेवटच्या टाक्यांच्या आधी नळी बदलतात, सगळीकडे करत नाहीत आणि ते चूक नाही, पण विचारायला हरकत नाही.

पायरी 4: कॉम्प्युटरवरच्या चेहऱ्यावर किती विश्वास

स्कॅन घेऊन कॉम्प्युटरवर आधी ऑपरेशन करून दाखवतात, छान पद्धत आहे, हाड आणि दात यात बऱ्यापैकी अचूक असतात. हनुवटीसुद्धा जवळपास बरोबर येते कारण तिथलं मांस हाडाबरोबर एकास एक हलतं. वरचा ओठ आणि नाकपुड्या मात्र त्यात भरवशाच्या नसतात, टाके कसे घालणार ते कॉम्प्युटरला कुठे माहीत. तो फोटो घेऊन "असंच पाहिजे" म्हणून बसू नका, त्यापेक्षा त्याच सर्जननी केलेल्या, तुमच्यासारखी ठेवण असलेल्या पेशंटचे आधीचे आणि वर्षानंतरचे फोटो परवानगीने बघायला मागा.

पायरी 5: तारीख आणि प्रवास

वाढ थांबल्याशिवाय हे ऑपरेशन सहसा करत नाहीत, मुलींचं साधारण सोळा-सतराच्या पुढे, मुलांचं अठराच्या पुढे. लग्न ठरलं असेल तर ऑपरेशन आणि लग्न यात निदान सहा महिने ठेवा, जमलं तर जास्त. गणपतीच्या तोंडावर करू नका, चाकरमानी आले की अख्खं घर सुजलेला चेहरा बघून मतं देतं आणि मुलगी खचते.

मिश्री, तंबाखू, विडी, गुटखा आधी काही आठवडे पूर्ण बंद. मिश्री लावणाऱ्या बायका ती तंबाखूत मोजतच नाहीत म्हणून मुद्दाम लिहितेय. त्याने जखम भरत नाही, टाके उसवतात, आणि टाका उसवला तर वर सांगितलेलं सगळं वाया. हिमोग्लोबिन आधीच तपासा, कमी असेल तर गोळ्या सुरू करून वाढवायला वेळ ठेवा.

येताना रेल्वेने या. महामार्गावरच्या खड्ड्यांचे धक्के सुजलेल्या तोंडाला नकोत, तुतारी किंवा मांडवीत खालचा बर्थ घ्या. आणि डिस्चार्ज मिळाल्या मिळाल्या गावी पळू नका, पहिले आठ-दहा दिवस हॉस्पिटलजवळच्या नातेवाइकांकडे राहा. क्वचित पहिल्या दोन आठवड्यांत नाकातून अचानक जोरात रक्त येऊ शकतं, तेव्हा देवरुख-लांज्याच्या आतल्या वाडीत असाल तर वेळ जातो. थोडं जुनं काळपट रक्त येणं चालतं, लाल धार लागली तर ताठ बसून पुढे वाकायचं आणि थेट जवळचं मोठं हॉस्पिटल.

पैशांचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि फाटलेल्या ओठ-टाळूच्या मुलांसाठी शाळेतल्या बाल स्वास्थ्य तपासणीतून मदत मिळते.

पायरी 6: नंतरचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते, ओठ जाड, नाक पसरलेलं, गाल गोल. या दिवसांत आरसा बघून काहीही ठरवू नका. उशा लावून डोकं उंच ठेवून झोपा, पहिले दोन दिवस बर्फाचा शेक, नंतर डॉक्टर सांगतील तसा. नाक शिंकरायचं नाही, निदान दोन-तीन आठवडे, आणि शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, नाहीतर हवा गालात शिरते आणि नाकाच्या बुडाच्या टाक्यावर ताण येतो. ओठ उचलून उचलून टाके बघायचे नाहीत, घरातल्या कोणालाही दाखवायचे नाहीत.

खाणं पहिले काही दिवस पातळ, मग चार ते सहा आठवडे मऊ. आपल्याकडं यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही, नाचणीचं सत्त्व, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पातळ पिठी, माशाचं गाळलेलं सार, वरून तूप. तिखट आणि गरम नको. पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर वीज जाणार हे धरून चाला, सगळं मिक्सरवर अवलंबून ठेवलं तर पेशंट उपाशी राहतो, म्हणून सत्त्व आणि पिठी हाताशी हवीच. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ.

वरचा ओठ, हिरडी आणि गाल बधिर असतात, ओठ आपला वाटत नाही, हसू वाकडं येतं. बहुतेकांचं काही आठवड्यांपासून काही महिन्यांत परत येतं. ओठ वापरायला लागा, डॉक्टरांनी परवानगी दिली की "प-फ-ब-भ-म" आरशासमोर मोठ्याने म्हणा, गाल फुगवायचा व्यायाम मात्र ते सांगतील तेव्हाच.

पायरी 7: चेहरा कधी तपासायचा

बरीचशी सूज तीन-चार आठवड्यांत जाते, पण ओठ आणि नाकाच्या बुडाची बारीक सूज सहा महिने ते वर्षभर हळूहळू उतरत राहते. सहा महिन्यांनी पायरी 1 मधलेच सगळे फोटो त्याच खिडकीत परत काढा आणि नाकाचं माप घ्या, वर्षाने पुन्हा एकदा. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, नुसत्या आठवणीवर जाऊ नका. वर्षानंतरही नाकपुड्या रुंद वाटत असतील तर बाहेरून छोटा चिरा देऊन त्या कमी करता येतात, शेंडा किंवा पडदा वाकडा असेल तर नाकाचं वेगळं ऑपरेशन होतं, आणि ओठ पातळ राहिला तर त्यालाही उपाय आहेत. यातलं काहीही सहा महिन्यांच्या आत करून घेऊ नका, कोणी देतो म्हणालं तरी. प्लेटा सहसा आयुष्यभर आतच राहतात, पातळ कातडीखाली हाताला लागत असतील, थंडीत दुखत असतील किंवा तिथे पू झाला तरच काढतात, आणि काढायच्या झाल्याच तर परत तोच चिरा द्यावा लागतो, त्यामुळे तेव्हाही सर्जनना ओठाच्या टाक्यांचं विचारायचंच.